कमी विजेत नाटकाची प्रकाशयोजना: खान्देशातल्या नवख्या मंडळींसाठी

पर्यावरण सांभाळून प्रकाशयोजना करायची म्हटलं की नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, "एलईडी कुठे मिळतील आणि केवढ्याला पडतील?" विचारायला हरकत नाही, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी करण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत. त्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही आणि वीज मात्र एलईडी घेऊन वाचते त्याहून जास्त वाचते. राज्य नाट्य स्पर्धेत पहिल्यांदा उतरणारे हौशी संघ, विद्यापीठाच्या युवारंग महोत्सवासाठी एकांकिका बसवणारी कॉलेजची पोरं, गॅदरिंग गळ्यात पडलेले शिक्षक आणि गणेश मंडळाचे कार्यकर्ते, अशा सगळ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे.

पायरी १: आधी हिशोब मांडा

वीज मोजायला सोपी असते. १००० वॅटचा दिवा एक तास जळला की एक युनिट. नाट्यगृहात अजूनही सर्रास भेटणारा पार ६४, म्हणजे डब्यासारखा हॅलोजन दिवा, बहुधा १००० वॅटचाच असतो. आपल्या देशातली एक युनिट वीज म्हणजे हवेत साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, कारण बहुतेक वीज कोळशावर तयार होते. खान्देशात हे पुस्तकात वाचायची गरज नाही, भुसावळजवळच्या दीपनगरच्या चिमण्या हायवेवरून दिसतात. साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत. पण वीज सगळी एकाच जाळ्यात मिसळते, आणि आपला पडदा उघडतो तोवर सूर्य मावळलेला असतो.

आता एक प्रयोग डोळ्यांपुढे आणा. २० पार टांगले आहेत, प्रत्येकी १००० वॅटचे. प्रयोग दोन तासांचा. सगळे दिवे सगळा वेळ पेटत नाहीत, सरासरी तिसरा हिस्सा धरा. म्हणजे सुमारे ७ किलोवॅट, दोन तासांत १४ युनिट. ठीक आहे, फार नाही.

पण त्याच दिवशी सकाळपासून फोकसिंग (दिव्यांचे झोत नेमक्या जागी वळवणं) आणि टेक्निकल तालीम चालली होती. दिवे टांगले, सगळे फुल्ल केले, मग कुणी शिडीवर, कुणी चहाला, सेटवाल्यांची ठोकाठोकी, दिग्दर्शकाचा फोन. असे पाच तास गेले तर १०० युनिट गेली, आणि तीही प्रेक्षक यायच्या आधी! त्याच पाच तासांत गरजेपुरते तीन-चार दिवे चालू ठेवले असते तर काम १५ ते २० युनिटांत झालं असतं. नुसत्या शिस्तीने ८० युनिट, म्हणजे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. उलट सगळे पार काढून तिथे एलईडी लावले असते, तर दोन तासांच्या प्रयोगात फार तर ११ युनिट वाचली असती.

अजून एक आकडा. तुमच्या गावात एलईडी भाड्याने मिळत नाहीत म्हणून ते नाशिकहून मागवले. नाशिक ते जळगाव अडीचशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन पाचशे. टेम्पो लिटरला १२ किलोमीटर चालला तर ४२ लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की २.७ किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एकूण ११० किलोच्या वर. अकरा युनिट वाचवण्यासाठी दीडशे युनिटांएवढा धूर. एका प्रयोगापुरते लांबून एलईडी मागवू नका असं मी म्हणतो ते यामुळे. जे नाट्यगृह वर्षभर रोज दिवे जाळतं, त्याने मात्र बदललेच पाहिजेत. तिथे हा सगळा हिशोब उलटा होतो.

पायरी २: संहितेवर बसा, दिव्यांवर नंतर

नवख्या प्रकाशयोजनेची एक ठरलेली खूण असते. नाटक वाचायच्या आधी "आपल्याला किती पार मिळणार?" हे विचारलं जातं, मिळतील तेवढे लावले जातात आणि मग त्यांच्यासाठी काम शोधलं जातं. शेवटी रंगमंचभर सपाट उजेड पसरतो, त्याला आपण 'जनरल' म्हणतो, आणि सगळ्यात जास्त वीज खातो तोही हाच.

त्याऐवजी संहितेच्या समासात प्रत्येक प्रवेशासमोर तीन गोष्टी लिहा: वेळ कोणती, उजेड कुठून येतोय, आणि प्रेक्षकाने कुणाचा चेहरा बघायचा. बस्स.

एक उदाहरण घेऊ. खान्देशातलं धाब्याचं घर, संध्याकाळ, आई ओसरीवर ज्वारी पाखडते आहे, मुलगा सुरतेला निघाला आहे. सवयीने माणूस इथे समोरून आठ पार लावतो, वर केशरी जिलेटिन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) टाकतो. पण मावळतीचा उजेड एकाच बाजूने आणि जवळजवळ आडवा येतो. तेव्हा डाव्या विंगेतून, माणसाच्या कंबरेच्या उंचीवर, एकच पार तिरका सोडा. पाखडताना उडणारा कोंडा त्या झोतात दिसेल. सुपाची सावली भिंतीवर पडेल. उजव्या बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, पांढरा रंग दिलेला प्लायचा तुकडा उभा करा. झोतातलाच उजेड त्यावरून परतून आईच्या अंधारातल्या गालावर येतो. मुलगा दाराशी थांबतो तिथे एक छोटा स्पॉट. म्हणजे दोन दिवे आणि एक फळी. आठ पारांनी हे दृश्य झालं नसतं, नुसतं दिसलं असतं.

परतवायला जुन्या फ्लेक्सची पांढरी मागची बाजूही चालते. निवडणूक झाली की गावात फ्लेक्सची काय कमी! फक्त हॅलोजनपासून तो चांगला लांब ठेवा, तापला की वितळतो.

प्रत्येक प्रवेशाचं असं झालं की एका कागदावर सगळे दिवे एकत्र काढा. एकच दिवा तीन प्रवेशांत वापरता येतो का बघा. चार प्रवेशांत चार वेगळ्या खिडक्या असतील तर दिग्दर्शकाशी बोला. दोन खिडक्या एकाच जागी आल्या तर सेटचंही लाकूड वाचतं. ही चर्चा तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात होते. आदल्या रात्री केली तर दिग्दर्शक ऐकत नाही आणि त्याचं बरोबरही असतं.

पायरी ३: नाट्यगृहात जे आहे ते मोजून या

जळगावचं छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह असो, धुळ्याचं राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिर असो की तालुक्याच्या कॉलेजचा हॉल, प्रयोगाच्या आधी एकदा दिवसा जाऊन या. यादी करा: कुठले दिवे आहेत, किती वॅटचे, किती चालू, कुठल्या बारवर (दिवे टांगायच्या नळीवर), डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) किती. फोनवर विचारलं तर "सगळं आहे, या तुम्ही" एवढंच उत्तर मिळतं.

जाताना एक स्वच्छ सुती फडकं न्या. हिवाळ्यात आपल्याकडे जिनिंगचा हंगाम असतो, हवेत कापसाची तूस आणि धूळ असते, ती भिंगांवर आणि रिफ्लेक्टरवर साचते. मळकट भिंगाचा दिवा वीज पूर्ण घेतो आणि उजेड अडवून धरतो. थंड असताना, प्लग काढून, भिंग पुसा. फ्रेनेल (मऊ कडेच्या झोताचा दिवा) किंवा स्पॉटमधल्या हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापते आणि दिवा वेळेआधी फुटतो. चुकून लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या.

ज्या व्यक्तीच्या ताब्यात हॉलचे दिवे आहेत, त्या दादांशी नीट ओळख करून घ्या. कुठला डिमर चॅनल फडफडतो, कुठल्या सॉकेटला हात लावायचा नाही, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसतं.

पायरी ४: टांगणं आणि फोकसिंग

पायरी १ मधली ८० युनिट इथे वाचतात, म्हणून एवढं काटेकोर पाळा. फोकस करताना एका वेळी एकच दिवा चालू. त्या दिव्याचं काम झालं की तो बंद, मग पुढचा. हॉलचे साधे ट्यूबलाइट असतात ना, सेटची ठोकाठोकी त्यांच्या उजेडात करायची. जेवायला जाताना बोर्डवरचा मास्टर (सगळे दिवे एकदम कमी करणारी कळ) खाली आणि मेन बंद, आणि हे काम एका माणसाच्या नावावर लिहिलेलं हवं. 'सगळ्यांनी लक्ष ठेवू' म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

नटांच्या जागा फोकस करताना नटांना तासन्‌तास उभं करू नका. फरशीवर खडूने खुणा करा आणि तिथे तुमच्यातलाच एक जण उभा करा, शक्यतो मुख्य नटाच्याच उंचीचा. शक्य असेल तर हे काम दुपारी करा. हॉल बंद असला की अंधार तेवढाच मिळतो, आणि ग्रिडमध्ये सौरऊर्जेचा वाटा दुपारीच सर्वात मोठा असतो.

उन्हाळ्यात याला आणखी एक पैलू आहे. हॅलोजन दिव्याला दिलेल्या विजेतली जवळपास सगळी शेवटी उष्णताच होते. रंगमंचावर १० किलोवॅट जाळणं म्हणजे तिथे १० किलोवॅटचा हीटर लावणं. बाहेर जळगावचा मे महिना, पारा ४४-४५ वर, आणि आत एसी ती उष्णता बाहेर फेकायला वेगळी तीन-एक किलोवॅट वीज खातोय. नटाचा मेकअप ओघळतो तो वेगळाच.

पायरी ५: डिमर समजून घ्या

हा भाग बहुतेक नवख्यांना कुणी सांगत नाही. हॅलोजन अर्ध्या उजेडावर आणला तर वीज अर्धी होते, असं वाटतं. होत नाही. उजेड निम्मा झाला तरी वीज सत्तर टक्क्यांच्या वर लागते. म्हणजे दोन दिवे निम्म्यावर ठेवले तर उजेड एका दिव्याचा आणि वीज जवळपास दीड दिव्याची. म्हणून एका जागेवर दोन मंद दिवे टाकण्यापेक्षा एक नीट लावलेला दिवा जवळपास पूर्ण वर ठेवा.

'जवळपास' म्हणायचं कारण आहे. दिव्याला मिळणारं व्होल्टेज पाच टक्क्यांनी कमी केलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. उजेड थोडा कमी होतो, तो प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही. दिवे चालवायच्या बोर्डवर तेवढी वरची मर्यादा ठरवून टाका, वर्षाला निम्मे दिवे कमी लागतील.

क्यू, म्हणजे उजेड बदलण्याच्या खुणा, लिहिताना बाहेर जाणाऱ्या दिव्यांकडे लक्ष द्या. नवीन माणूस पुढच्या प्रवेशाचे दिवे आणतो, पण मागच्या प्रवेशातले दोन-तीन १० टक्क्यांवर तसेच राहून जातात. कुणाला दिसत नाहीत, जळत मात्र राहतात. टेक्निकलमध्ये एकदा फक्त एवढ्यासाठीच बोर्ड वाचून काढा.

एलईडी आणि डीएमएक्सवर (दिव्यांना केबलवरून हुकूम देण्याची पद्धत) चालणारे डिमर असतील तर महागडं कन्सोल भाड्याने आणायची गरज नाही. एका डीएमएक्स लाइनवर ५१२ चॅनल असतात, हौशी नाटकाला ते पुरून उरतात. क्यूएलसी प्लस हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवरही चालतं, सोबत यूएसबीचा छोटा डीएमएक्स इंटरफेस लागतो. घरी बसून क्यू बांधता येतात, हॉलमधले तास वाचतात.

पायरी ६: एलईडी घ्यायचेच असतील तर कुठे लावायचे

पैसे चारच एलईडींचे असतील तर ते रात्रीच्या निळ्यासाठी आणि सायक्लोरामासाठी (मागच्या आकाशाच्या पडद्यासाठी) ठेवा. चेहऱ्यासाठी जुने हॅलोजन राहू द्या. कारण जिलेटिनचं काम नको असलेले रंग अडवणं एवढंच आहे. गडद निळा जिलेटिन शंभरातला पाचच्या आसपास उजेड पुढे जाऊ देतो, काँगो ब्लू हा त्याहून गडद जिलेटिन तर आणखी कमी. १००० वॅट जाळून त्यातला बहुतेक उजेड त्या कागदातच जिरतो आणि कागद करपतो. एलईडी मुळातच निळा उजेड तयार करतो. १०० ते १६० वॅटचा एलईडी पार इथे दोन-तीन हॅलोजनांचं काम करतो.

चेहऱ्याचं गणित वेगळं. स्वस्त तीनरंगी एलईडीचा 'पांढरा' हा लाल, हिरवा, निळा मिसळून केलेला असतो. आपल्या गव्हाळ, सावळ्या कांतीवर तो राखाडी दिसतो. विकत घेण्याआधी दुकानातच परीक्षा घ्या: दिव्याखाली स्वतःचा तळहात धरा, शेजारी कुंकू किंवा लाल साडीचा पदर. कुंकू तपकिरी दिसलं तर तो दिवा चेहऱ्यावर लावू नका. वॉर्म व्हाइट किंवा अंबरची चिप वेगळी असलेला दिवा थोडा महाग पडतो, पण पुढची आठ-दहा वर्षं वापरायचा आहे. मंद करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही बघा. पट्टे सरकताना दिसले तर तो व्हिडिओत लुकलुकणार.

आणि दुकानदाराला विचारा, पॉवर सप्लाय बिघडला तर सुटा मिळतो का? पंखा बदलता येतो का? आपल्या धुळीत आधी पंखा अडकतो, मग आतला पॉवर सप्लाय तापून जातो. बाकी दिवा शाबूत असतो. टीव्ही दुरुस्त करणारा हुशार माणूस हे काम करतो, फक्त दिवा स्क्रूने उघडणारा हवा. चिकटवून बंद केलेला असेल तर तो दोन हंगामांत कचरा आहे, मग वीज कितीही वाचवो.

लग्नातून नाटकात शिरलेल्या शार्पीबद्दल, म्हणजे बारीक झोताच्या फिरत्या दिव्याबद्दल, थोडं. साधारण २३० वॅटचा हा डिस्चार्ज दिवा एकदा पेटवला की मंद होत नाही. ब्लॅकआऊट दिला तरी फक्त झडप बंद होते, आत तो पूर्ण जळत राहतो. गंभीर एकांकिकेत त्याचं काय काम असतं हे मला अजून कळलेलं नाही.

झोतातल्या आकारांसाठी, म्हणजे खिडकीचे गज, झाडाची पानं, बाजारातून गोबो (दिव्यात घालायची कोरलेली चकती) आणू नका. ऑफसेट प्रेसमधली वापरलेली ॲल्युमिनियमची प्लेट मागून घ्या. पातळ असते, कात्रीने आणि कटरने कापली जाते, उष्णताही सोसते. जिलेटिनचे तुकडे नंबर लिहून जुन्या पाकिटांत ठेवा. मोठ्या पारचा करपलेला कागद कडेने कापला की छोट्या स्पॉटला होतो.

पायरी ७: उघड्यावरचा कार्यक्रम

जळगावचं बालगंधर्व खुलं नाट्यगृह, गावचं पटांगण, गणपतीचा मंडप, इथे सगळ्यात मोठा धूर जनरेटरचा. आधी महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घ्या. आकडा टाकू नका, त्यात जीव जातो. जनरेटर लागणारच असेल तर तुमचा खरा भार मोजून सांगा. पायऱ्या १ ते ६ पाळल्या तर २० किलोवॅटचं नाटक सहा-आठ किलोवॅटवर येतं. मग साऊंड धरूनही १५ केव्हीएचा जनरेटर पुरतो.

डेकोरेटर मात्र म्हणणार, "दादा, गाडीवर मोठंच जनरेटर शे, तेच येई." तिथे थोडा हट्ट धरा. नीट भार असलेला जनरेटर लिटरला तीन युनिटांच्या आसपास देतो. क्षमतेच्या पाचव्या हिस्स्यावर चालणारा त्याच्या कितीतरी खाली येतो, आत काजळी धरतो आणि आवाज तेवढाच करतो. भार क्षमतेच्या ६० ते ७५ टक्के असेल असा जनरेटर मागा.

पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला किडे हा वेगळा विषय आहे. ऐन स्वगतात नटाच्या तोंडात पाखरू गेलं की नाटक संपलं. किड्यांना निळसर पांढरा उजेड जास्त ओढतो, पिवळसर कमी. प्रेक्षकांच्या वाटेवर आणि मंचाच्या कडेला पिवळे बल्ब लावा, पांढरे फ्लड काढून टाका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, यावल अभयारण्याच्या आसपास तर आकाशात झोत सोडूच नका, दिव्याचं तोंड कायम खाली.

सोंगाड्या पार्टी किंवा वही या खान्देशातल्या लोककलांचा कार्यक्रम रात्रभर चालतो आणि लोक गोल करून बसतात. तिथे नाट्यगृहाची पद्धत नेऊ नका. समोरासमोर उंचावर ५० वॅटचे दोन पिवळसर एलईडी फ्लड, माणसांच्या डोळ्यांत जाणार नाहीत असे झुकवून, एवढं पुरतं. डोळे अंधाराला सरावलेले असतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला तर आपण आपले दिवे घरीच ठेवावेत.

पायरी ८: प्रयोग झाल्यावर

मीटरचं रीडिंग येताना आणि जाताना लिहून ठेवा. पुढच्या नाटकाच्या दिग्दर्शकाशी वाद घालताना हाच कागद उपयोगी पडतो. दिव्यांच्या नकाशाची एक प्रत हॉलवरच्या दादांकडे ठेवा. पुढच्या संघाने तेच दिवे तिथेच राहू दिले तर त्यांचा टांगण्याचा अर्धा दिवस वाचतो. केबल मोकळ्या गोल गुंडाळा, कोपराला पीळ देऊन नाही. आतली तार तुटली की अख्खी केबल टाकावी लागते.

उडालेले हॅलोजन बल्ब कागदात गुंडाळून वेगळे ठेवा. शार्पीचे दिवे, जुन्या ट्यूब आणि सीएफएल यांत पारा असतो, ते फोडायचे नाहीत. खोक्यात उभे ठेवायचे. एलईडीचे बोर्ड आणि पॉवर सप्लाय नेहमीच्या भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी जाळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. अशा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. एका संघाचा कचरा त्यांच्यासाठी फार थोडा असतो, तेव्हा तालुक्यातले दोन-चार संघ, कॉलेज आणि मंडप डेकोरेटर मिळून वर्षाचा माल एकत्र साठवा आणि एकदाच पाठवा.